एकाचं छप्पर, दुसऱ्याचं अंगण: हवरामान तख्तचे पाच दिवस

पहिला दिवस: सनंदज ते मरीवान

पंधरा वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या माडीवरच्या खोलीत एक इराणी मुलगा भाड्याने राहायचा. पुण्यात तेव्हा शिकायला आलेले इराणी विद्यार्थी पुष्कळ असत. याने मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "ताई, पासपोर्ट इराणचा, पण मी कुर्द." तीन वर्षांत तो कामापुरती मराठी शिकला, आमटी-भाताची चटक लावून घेतली, आणि जाताना माझ्याकडून कबूल करून घेतलं की एकदा त्याच्या आजोळी, हवरामान तख्त या डोंगरातल्या गावी, यायचं. आता तो सनंदजच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. सगळे त्याला 'मामोस्ता' म्हणतात. कुर्दीत गुरुजींना मामोस्ता म्हणतात, आणि मशिदीतल्या मौलवींनाही तोच शब्द. या मे महिन्यात आम्ही दोघं, मी आणि हे, ती कबुली पुरी करायला निघालो.

सनंदज ही इराणच्या कुर्दिस्तान प्रांताची राजधानी. कुर्द माणसं तिला 'सिने' म्हणतात. मामोस्ता गाडी घेऊन आला होता. केस पिकलेत, बाकी तसाच. "ताई, रस्ता वळणांचा आहे, पोटभर जेवू नका," हे त्याचं पहिलं वाक्य, तेही मराठीत!

मरीवानपर्यंतचं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सुरुवातीला उघड्या टेकड्या, हिरवा गहू, बांधाबांधाने फुललेली लाल खसखशीची रानफुलं. पश्चिमेकडे सरकत गेलो तशी झाडं वाढली. रस्त्याच्या कडेला पोरं 'रेवास'च्या जुड्या विकत होती. हा रानातला रेवाचिनीचा भाऊबंद, बर्फ सरला की डोंगरावर उगवतो. गुलाबी देठ सोलायचा, मीठ लावायचं आणि खायचं. आपल्या आंबट चुक्याची आठवण झाली. दोन्ही एकाच कुळातले, हे मामोस्ताने सांगितलं.

मरीवान तासभरावर आलं तेव्हा ओकच्या झाडांपाशी चहासाठी थांबलो. ही झाडं आपल्या डोळ्यांना बुटकीच वाटतात, पण बुंधे जुने, गाठीचे. मी सहज एका फांदीकडे हात केला तर बोटांना काहीतरी टणक लागलं. बोराएवढी गोटी. राखाडी-तपकिरी रंग, अंगावर बारीक बारीक टेंगळं, आणि एका बाजूला दाभणाने पाडावं तसं नेमकं गोल भोक. मी ती तळहातावर फिरवली आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, हे तर मायफळ!"

ज्यांच्या घरात बाळगुटी उगाळली गेली आहे त्यांना सांगायला नको. वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ आणि त्यांच्या जोडीला मायफळ. सहाणेवर आईच्या दुधात एक वेढा, दोन वेढे. माझ्या दोन्ही मुलांना मी ते दिलं, माझ्या आजीने मला दिलं. काष्ठौषधींच्या दुकानात ते पुडीत मिळतं, म्हणून ते कुठल्या झाडावर येतं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ते मुळात फळच नाही. एक इवलीशी गांधीलमाशी ओकच्या कोंबात अंडं घालते, झाड त्या अंड्याभोवती स्वतःच्या अंगाची गाठ वाढवतं, आत अळी वाढते आणि पंख फुटले की भोक पाडून उडून जाते. तुरटपणा सगळा त्या गाठीत साठलेला. म्हणून माशी उडण्याआधी, उन्हाळ्याच्या शेवटाला तोडलेली बिनभोकाची निळसर गाठ चांगल्या प्रतीची. माझ्या हातातली गेल्या वर्षीची, रिकामी होती. "माझू," मामोस्ता म्हणाला. कुर्दी आणि फारसीतला हा शब्द हिंदीत 'माजूफल' झाला आणि आपल्याकडे मायफळ. पूर्वी शाई याच गाठींची होई, कातडीही यानेच कमावत. मी ती गोटी रुमालाच्या टोकाला बांधून घेतली.

संध्याकाळी झ्रेबार तळ्याकाठी बसलो. मरीवानला अगदी खेटून असलेलं हे गोड्या पाण्याचं तळं, काठाने लव्हाळ्यांचं दाट बेट, आणि पाणी बरंचसं तळातल्या झऱ्यांचं. इथल्या गाळात शास्त्रज्ञांनी खोल नळ्या घालून जुने परागकण वर काढले. १९६३ साली त्यावरचा पहिला निबंध आला. त्यातून कळलं की हिमयुगात या डोंगरांवर ओक जवळपास नव्हतेच, नुसतं कोरडं माळरान होतं. झाडं नंतर हळूहळू, हजारो वर्षांनी चढून आली. दुपारी ज्या झाडाखाली चहा घेतला ते इथलं अनादी काळापासूनचं असेल असं मी धरून चालले होते. माणसाने शेती सुरू केल्यानंतरही कित्येक शतकं ही राई भरतच होती.

तळ्याकाठी एक चिमुरडी जवळ आली आणि तिने विचारलं, "नावत चिये?" मी मामोस्ताकडे बघितलं. "नाव काय विचारते आहे," तो म्हणाला. मला समजलंच होतं. नाव ते नावच.

दुसरा दिवस: मरीवान ते हवरामान तख्त

सकाळी बाजारात कलाशवाल्याकडे गेलो. कलाश म्हणजे इथलं पांढरं पादत्राण. वरचा भाग सुती दोऱ्याचा, बायका घरी सुईने विणतात. तळवा पुरुष करतात, आणि तो बघण्यासारखा असतो. जुन्या कापडाच्या पट्ट्या घडी घालून हातोडीने ठोकतात, ठोकून ठोकून लाकडासारख्या करतात, मग एकीला एक लावून आरीने आरपार भोक पाडतात आणि कच्च्या चामड्याची वादी ओवून आवळतात. कारागीर मांडीखाली तळवा दाबून वादी ओढत होता तेव्हा त्याच्या मानेची शीर ताठ होत होती. उजवा-डावा असा भेद नाही, कुठलाही कुठल्याही पायात. डोंगरात घसरत नाही, घाम धरत नाही. जागतिक हस्तकला परिषदेने मरीवानला कलाशचं शहर म्हणून मान्यता दिली आहे. यांनी एक जोड घेतला आणि पुढचे चार दिवस दुसरं काही पायात घातलं नाही.

पुढचा रस्ता देझलीवरून तते खिंडीत चढतो. हिवाळ्यात तो बर्फाने बंद असतो. मे महिन्यातही वरच्या वळणांवर दोन्ही बाजूंनी मळकट बर्फाच्या भिंती होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी, बर्फ विरघळून जेमतेम मोकळ्या झालेल्या मातीत, उलट्या टांगलेल्या घंटांसारखी केशरी फुलं. कुर्द त्यांना 'शिलेरे' म्हणतात. फुलाच्या आत डोकावलं तर प्रत्येक पाकळीच्या मुळाशी पाण्याचा थेंब लटकलेला दिसतो. तो मधाचा रस.

पश्चिमेचे कडे म्हणजे सरहद्द. पलीकडे इराकी कुर्दिस्तान, आणि उतरून गेलं की हलबजा. १६ मार्च १९८८ रोजी सद्दामच्या विमानांनी त्या गावावर विषारी वायू सोडला. सुमारे पाच हजार माणसं गेली, आणि वाचलेल्यांपैकी कितीतरी डोंगर ओलांडून या बाजूला आली. मामोस्ता तेव्हा लहान होता. आईने घरातली सगळी पांघरुणं बाहेर दिली, एवढं त्याला आठवतं.

खिंडीच्या खाली पायवाटेवर सात-आठ माणसं ओळीने उतरताना दिसली, पाठीवर काळ्या प्लास्टिकात बांधलेले स्वतःएवढे गठ्ठे. हे कोलबर. 'कोल' म्हणजे पाठ, 'बर' म्हणजे वाहणारा. सरहद्दीपलीकडून कपडे, टायर, टीव्ही, चहा असं काहीबाही पाठीवर आणतात, कारण या भागात दुसरं काम नाही. शिकलेली पोरंही आहेत त्यांत. दरवर्षी त्यांतले कोणी गोळीने जातात, कोणी कड्यावरून, कोणी बर्फात. मामोस्ताने गाडीचा वेग कमी केला आणि काच खाली करून त्यांना "मांदू नबी" म्हणाला. वाटेत भेटलेल्या कष्टकऱ्याला म्हणायचं ते हे: थकू नकोस. आम्हीही म्हटलं. एकाने हात छातीला लावला.

मग रस्ता वळला आणि समोर गाव आलं. फोटो आधी पाहिले होते, तरी मी "थांब, थांब" म्हणून ओरडले. डोंगराची अख्खी बाजू म्हणजे घरं. खालच्या घराच्या छपरावर वरच्या घराचं अंगण, त्या घराच्या छपरावर त्याच्या वरच्याचं. मध्ये गल्ली म्हणावी तर ती जिना आहे. घरांचा दगड आणि डोंगराचा दगड एकच, त्यामुळे निळ्या-हिरव्या खिडक्या नसत्या तर गाव कुठे संपतं आणि डोंगर कुठे सुरू होतो ते कळलं नसतं.

तिसरा दिवस: गावात

मामोस्ताच्या मावशीकडे उतरलो आहोत. ती त्याची मावशी म्हणून आमचीही मावशी. सत्तरीची, पाठीत किंचित वाकलेली, डोक्याला रेशमी रुमाल, अंगावर फुलाफुलांचा पायघोळ झगा. तिला हवरामी आणि थोडी फारसी येते, मला दोन्ही येत नाही. सकाळी सहाला ती मला हाताला धरून छपरावर घेऊन गेली.

छप्पर मातीचं. लाकडी वासे, त्यावर काटक्या, त्यावर पाला आणि त्यावर तुडवलेली माती. कोपऱ्यात दगडी रूळ पडलेला होता, हातभर लांब, दोन्ही टोकांना खोबणी. रात्री सर येऊन गेली होती. मावशीने खोबणीत दांड्याचं टोक अडकवलं आणि रूळ या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवायला लागली. ओली माती दबली की भेगा बुजतात, गळत नाही. बर्फ पडला की आधी तो फावड्याने ढकलायचा आणि मग रूळ. ढकललेला बर्फ अर्थातच खालच्याच्या अंगणात जातो. त्यावरून भांडणं होत नाहीत का, असं मी विचारलं. मावशी हसली आणि बोटाने वर दाखवलं: तिच्या डोक्यावरही कोणाचं तरी घर आहेच. आसपासच्या छपरांवरून तोच घरघर आवाज येत होता. अख्खं गाव एका वेळी आपापलं छप्पर दाबत होतं.

भिंती बघत फिरलो. दगडावर दगड, मध्ये चुना नाही, माती नाही. याला 'खुश्कचिन' म्हणतात, कोरडी रचाई. कोकणातला गडगा मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण गडगा कंबरेएवढा असतो. इथे त्याच पद्धतीने दोन मजली घर उभं आहे. ठरावीक उंचीवर लाकडाचा आडवा पट्टा घातलेला दिसतो, म्हणजे भूकंपाचा हादरा बसला की भिंत एकसंध हलेल, फुटणार नाही. हा भाग हादरणाराच. १२ नोव्हेंबर २०१७ रोजी सरहद्दीवर ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला, दक्षिणेकडे शेकडो माणसं गेली. मावशी सांगते, त्या रात्री फडताळातली भांडी सगळी खाली आली, दगड एक हलला नाही.

मध्ये मध्ये विटांची, सिमेंटची नवी घरंही उठली आहेत, आणि ती डोळ्यांना खुपतात. पण ज्याला हिवाळ्यात पहाटे चारला उठून बर्फ ढकलावा लागतो त्याला मी काय सांगणार? २०२१ मध्ये युनेस्कोने हवरामानचा सांस्कृतिक भूप्रदेश जागतिक वारसा यादीत घेतला. बारा गावं आणि सुमारे एक लाख सहा हजार हेक्टर. डोंगर, बागा, गुरांच्या वाटा आणि ऋतूप्रमाणे खाली-वर होणारी माणसं, सगळं धरून. नुसत्या घरांना वारसा म्हटलं असतं तर ते अर्धंच झालं असतं.

दुपारी 'कलाने'. रानकांद्याची पात बोटभर लांबीची चिरून मीठ लावून ठेवली होती. मावशीने पिठाचा गोळा कागदासारखा लाटला. लाटणं आपल्या लाटण्याच्या निम्म्या जाडीचं, लांब काठीसारखं. अर्ध्या पोळीवर पात पसरली, अर्धी वर दुमडली आणि उपड्या कढईसारख्या साजावर टाकली. खाली ओकच्या लाकडाचा जाळ. फुगे आले, डाग पडले, उलटली, लोणी फिरवलं. मला एक करायला दिली. माझी लाटायची सवय पोळीची, म्हणून जाड झाली. मावशीने ती काढून घेतली नाही, माझ्या हातावर हात ठेवून लाटणं पुढे सरकवायला शिकवलं, टोकापर्यंत नेऊन सोडून द्यायचं. दुसरी जमली. सोबत 'दो', म्हणजे ताकच. बकरीच्या कातड्याच्या मशकीत घुसळलेलं. ती मशक ओकच्या फळाच्या आतल्या सालीने कमावतात आणि माझूनेही. मी रुमाल सोडून तिला परवाचं मायफळ दाखवलं आणि मामोस्तामार्फत सांगितलं, की आमच्याकडे हे तान्ह्या बाळाला चाटवतात. मावशीने पुन्हा विचारून घेतलं. बाळाला? मग आत जाऊन तिने एका डब्यातून दोन गाठी आणल्या, बिनभोकाच्या, निळसर, जड, आणि माझ्या मुठीत ठेवल्या.

संध्याकाळी पीर शालियारच्या समाधीवर गेलो. तो कोण, कुठल्या शतकातला, मूळ धर्म कोणता, यावर पुस्तकांपेक्षा गावच जास्त बोलतं. बुखाऱ्याच्या राजाची मुकी-बहिरी मुलगी बहार खातून इथे आणली, पीराने तिला बरं केलं आणि राजाने तिचं लग्न त्याच्याशीच लावून दिलं, अशी कथा. त्या लग्नाचा सोहळा दर हिवाळ्यात, थंडीचे चाळीसेक दिवस उलटले की, अजून साजरा होतो. पोरं घरोघरी अक्रोड वाटतात, जनावरं कापून सातू-मांसाची कांजी सगळ्या गावासाठी शिजते, डफ घुमतात आणि पुरुष हातात हात गुंफून घुमत राहतात. खालच्या घरांची छपरं ही नाचायची जागा, वरची छपरं बघणाऱ्यांची. गाव बांधतानाच त्यांनी हे मनात धरलं असेल असं वाटावं इतकं ते बसतं.

रात्री मामोस्ताचे मामा आले आणि कोणीतरी त्यांना गायला लावलं. 'सियाचमाने', म्हणजे काळ्या डोळ्यांची. वाद्य एकही नाही. एक हात कानाला, आवाज खालून उचलून कापत कापत वर नेतात, जसा पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारावी तसा. भाषा हवरामी, बाकीच्या कुर्दीपेक्षा बरीच वेगळी. मराठीसारखं तिच्यातही नामाला लिंग आहे, जे मरीवानकडच्या बोलीतून गळून गेलं. एकेकाळी या भागावर राज्य करणाऱ्या अर्दलान सरदारांच्या दरबारात कविता याच भाषेत होत. आज ती संकटात आलेल्या भाषांच्या यादीत आहे. मामांची नातवंडं समोर बसून ऐकत होती, पण आपसात फारसीत कुजबुजत होती. ते ऐकताना मला पुण्यातली आमची नात आठवली.

चौथा दिवस: पायऱ्या आणि हवार

आज मामांच्या बागेत. बाग म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं काही नाही. डोंगराच्या उतारावर दगडी बांध, बांधामागे माती, मातीत अक्रोड, तुती, डाळिंब, द्राक्षवेल. मग पुन्हा बांध. काही ठिकाणी बांध पुरुषभर उंच आणि त्याच्यामागची जमीन दोन हात रुंद. एका अक्रोडाच्या झाडासाठी एवढी भिंत? मामा म्हणाले, "माझ्या आजोबांनी भिंत घातली, बापाने झाड लावलं, अक्रोड मी खातो."

ही माती मुळात इथली नाही. उतारावर माती टिकतच नाही. ती दरीतून, ओढ्याच्या कडेने, जिथे सापडेल तिथून टोपल्यांनी वर आणलेली. आणि एकदा आणून संपत नाही. हिवाळ्यात बर्फ आणि पाणी तिला खाली ओढतं, वसंतात माणसं ती पुन्हा वर नेतात. आम्ही गेलो तेव्हा तेच काम चालू होतं. मामांची सून आणि तिचा दीर सगळ्यांत खालच्या बांधाशी साठलेला गाळ भरत होते आणि दोरीने पाठीला बांधलेल्या टोपल्यांतून चार पायऱ्या वर टाकत होते. मी एक टोपली मागितली. सुनेने अर्धीच भरली. दोरी छातीवर आवळली, पुढे वाकले, आणि बांधातून बाहेर काढलेल्या दगडांच्या पायऱ्यांवरून चढले. एकेक दगड पावलाएवढाच. वर पोचून टोपली कशी पालथी करायची ते कळेना, तर सुनेने मागून तळ उचलला आणि माती माझ्या कानाजवळून सरकून झाडाच्या बुंध्याशी पडली. ओली, थंड, आत अक्रोडाचं एक कुजलेलं कवच. तीच माती कितव्यांदा वर आली असेल!

दुपारी छायेत बसून मामोस्ताने भूगोल शिकवला. झाग्रोस पर्वत म्हणजे एका जुन्या समुद्राचा तळ. अरबस्तानचा भूखंड इराणला रेटतो आहे, म्हणून तो तळ चुरगळून वर आला. त्यामुळे दगड चुनखडीचा. आमच्या सह्याद्रीत काळा कातळ, लाव्ह्याचे थर. तिथे पाऊस पडला की पाणी धावत समुद्राला जातं आणि मे महिन्यात विहिरींचा तळ दिसतो. इथे पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात, पश्चिमेच्या ढगांतून येतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत. पण चुनखडीला भेगा आणि पोकळ्या. वितळता बर्फ डोंगर पिऊन टाकतो आणि पुढे महिनोन्‌महिने झऱ्यांतून थोडा थोडा सोडत राहतो. जिथे झरा तिथे गाव. बागेच्या डोक्यावर असा एक होता, कड्याच्या फटीतून मनगटाएवढी धार. तिथून दगडी पाट निघतो आणि प्रत्येक बांधावर त्याची पाळी ठरलेली. मामा दगड उचलून एक तोंड बंद करतात, दुसरं उघडतात, बस्स.

मग मामोस्ताने एक गोष्ट सांगितली आणि मला बांधाकडे बघायची नवी नजर आली. १९०९ च्या सुमारास हवरामानच्या डोंगरातल्या एका गुहेत एक रांजण सापडला. आत तीन चर्मपत्रं, दोन ग्रीक भाषेत, एक पार्थियन या जुन्या इराणी भाषेत. सगळ्यांत जुनं ख्रिस्तपूर्व ८८ च्या सुमाराचं. आज ती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आत काय निघालं? राजाज्ञा नाही, खजिन्याची यादी नाही. द्राक्षमळ्याच्या विक्रीचे कागद. कोणी कोणाला किती नाण्यांना मळा विकला, साक्षीदार कोण. दोन हजार वर्षांपूर्वी या उतारावरच्या वेलींची इतकी किंमत होती की त्यांची खरेदीखतं रांजणात घालून गुहेत जपली. मामांना ही गोष्ट ठाऊक होती. "मग? आताही तसंच आहे," म्हणाले, आणि वेलीचा नवा फुटवा काठीला बांधत राहिले.

तिसऱ्या प्रहरी वर 'हवार'ला गेलो. उन्हाळ्याची वस्ती. ऊन वाढलं की कुटुंबातली काही माणसं बकऱ्या-मेंढ्या घेऊन वर जातात, दगडी ठेंगण्या खोपट्यांत राहतात, दूध-लोणी करतात आणि थंडी पडू लागली की खाली. एकाच कुटुंबाची दोन-तीन उंचींवर घरं असतात. खाली डाळिंब फुललं होतं, मध्ये अक्रोडाला पालवी होती, आणि हवारला पोचलो तर ओहळात बर्फ. तीन तासांच्या चढात तीन ऋतू. वस्तीवर अजून दोनच बिऱ्हाडं आली होती. एक म्हातारे बाबा खांद्यांशी शिंगांसारखी टोकं निघालेली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, बंडी घालून बसले होते. पाऊस आणि वारा त्या टोकांवरून निथळतो. त्यांनी समोरच्या डोंगरांची नावं एकेक करून सांगितली, कोसालान, तख्त आणि लांब दक्षिणेला शाहू. बोट दाखवून नव्हे, हनुवटी उचलून, घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी तसं.

पाचवा दिवस: सिरवानच्या काठाने

मावशीने निरोप देताना आमच्या मागे पाणी शिंपडलं. पाण्यासारखं सुखरूप जा आणि परत या, असा त्याचा अर्थ. पिशवीत अक्रोड, वाळलेल्या तुती आणि फडक्यात गुंडाळलेली दोन कलाने.

रस्ता सेलीन, बुलबर अशा गावांवरून सिरवान नदीकडे उतरतो. प्रत्येक गाव पायऱ्यांचं, प्रत्येक गावाखाली बांधांची उतरंड. सिरवान इथून शाहूच्या दऱ्या कापत इराकमध्ये शिरते, तिथे तिला दियाला म्हणतात, आणि बगदादच्या खाली ती टायग्रिसला मिळते. मला खळाळती नदी बघायची होती. पण हजीज गावाच्या बाजूला आलो तेव्हा खाली पाणी स्थिर, गडद हिरवं, कड्यांच्या अंगाला लागून उभं होतं. हे दरियान धरण. २०१५ च्या अखेरीस पाणी अडवायला सुरुवात झाली. जुन्या हजीजचा खालचा भाग, कितीतरी बागा आणि कड्यातून थेट नदीत कोसळणारा बेलचा प्रसिद्ध झरा या पाण्याखाली गेला. झऱ्यासाठी लोकांनी खूप आरडाओरड केली होती. पाणी दूर दक्षिणेच्या मैदानांतल्या शेतीला जातं, तिथेही माणसंच आहेत, हे मामोस्ता स्वतःहून म्हणाला. पण हे सांगताना तो पाण्याकडे बघत नव्हता.

पाण्याच्या कडेला जुने बांध दिसत होते. वरचे दोन उघडे, तिसरा अर्धा, चौथा पाण्यातून फिकट रेघेसारखा, आणि पुढे काही नाही.

रस्त्यावर एका टपरीत चहा घेतला. टपरीवाला पन्नाशीचा. त्याची डाळिंबाची बाग खाली होती. भरपाई मिळाली का, किती मिळाली, ते त्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पाणी चढणार हे कळल्यावर त्याने आणि त्याच्या बापाने काय केलं, ते मात्र सांगितलं. झाडं उचलता येणार नव्हती. म्हणून त्यांनी माती उचलली. त्या शरदात रोज पहाटे खाली उतरायचे, पोती भरायचे, खेचरावर आणि पाठीवर घालून रस्त्याच्या वर आणायचे. बाप शेवटपर्यंत म्हणत होता, ही आपलीच माती आहे, ती आपणच वर न्यायची.

"दाखवू?" त्याने विचारलं आणि टपरीमागे घेऊन गेला. कोरड्या रचाईचे तीन नवे बांध, दगड अजून पांढरे. मागे गडद तपकिरी माती, आजूबाजूच्या मातीहून वेगळी ओळखू येणारी. आणि तिच्यात डाळिंबाची अकरा झाडं, माझ्या खांद्याएवढी, लालभडक फुललेली.